जाळे, टाचणी आणि भिंग

गांधीबाग म्हटले की आपणां नागपूरकरांच्या डोळ्यांपुढे कापडाची ठोक दुकाने येतात. फुलपाखरे कुणाला आठवत नाहीत. पण याच नगरीत १८६३ साली मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले, आणि त्याच्या प्रकाशनमालेत १९३१ साली डी'आब्रू यांची मध्यप्रांतातील फुलपाखरांची यादी निघाली. त्या काळी पुरावा म्हणजे जाळ्यात धरून टाचणीला लावलेला जीव!

आज आम्ही तो पुरावा कॅमेऱ्याकडे मागतो. हाताने फिरवावयाच्या ५० मिलिमीटरच्या भिंगामागे तेवढ्याच लांबीच्या जोडनळ्या लावल्या, की गवतावरचे नखाएवढे निळे फुलपाखरू मूळ आकारात उमटते. मात्र स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम मिलिमीटरभर खोल. म्हणून श्वास रोखून आपणच तसूभर पुढेमागे झुकावे, आणि पंखांच्या खालच्या बाजूचे ठिपके रेखीव दिसताच कळ दाबावी. जात तेच ठिपके सांगतात.

काही कीटकांची ओळख छायाचित्राने पटत नाही, तेथे नमुनाच लागतो, हे खरे. पण त्या यादीतली कोणती नावे आपल्या अंगणात अजून उरली आहेत, हे सांगावयास तारीख आणि ठिकाण टिपलेले एक चित्र पुष्कळदा पुरते. टाचणी पेटीतच राहू द्यावी.