नक्षी शाबूत, तरी टायर बाद : रोड बाइकची साइडवॉल का फाटते?

रविवारची पहाट. मुलुंड चेकनाक्यावरून ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला लागलेला सायकलवाल्यांचा ग्रुप विक्रोळी मागे टाकून घाटकोपरच्या दिशेने निघालाय. कुणाला मरीन ड्राइव्हला फोटो काढायचाय, कुणाचं लक्ष वाटेतल्या चहाकडे. आणि मध्येच ‘फट्ट’ असा आवाज येतो.

साधं पंक्चर असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. नवी ट्यूब टाकायची, हवा भरायची, निघायचं. पण इथे नवी ट्यूब टाकून चार पंप मारले की ती टायरच्या बाजूने बेडकासारखी बाहेर डोकावते. टायर तीन महिन्यांपूर्वीच घेतलेला, रस्त्याला टेकणारा भाग जवळपास नवा. फाटलीय ती बाजू. सायकलच्या भाषेत साइडवॉल.

मुंबईच्या उपनगरांत रोड बाइक चालवणाऱ्या कुणालाही विचारा, टायर झिजून टाकल्याचे किस्से कमी आणि बाजूने फाटून टाकल्याचे जास्त ऐकायला मिळतील. हे का होतं, ते समजून घ्यायला आधी टायर आतून कसा असतो ते बघू.

टायर म्हणजे रबर नाही, कापड

आपल्याला टायर म्हटलं की रबर आठवतं. पण हवेचा दाब रबर पेलत नाही, तो पेलतात आतले धागे. बहुतेक टायरमध्ये हे नायलॉनचे असतात, महागड्या रेसिंग टायरमध्ये कधी कधी सुती. या धाग्यांचे थर एकमेकांवर तिरके टाकून एक कापड बनवतात आणि त्याला रबरात माखतात. यालाच केसिंग म्हणतात. केसिंगच्या दोन्ही कडांना स्टीलची तार किंवा केव्हलारसारख्या ताकदवान धाग्याची दोरी असते, तिच्यामुळे टायर रिमला धरून राहतो. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर जाड रबराची पट्टी चढवली की टायर तयार.

हे धागे तिरके टाकण्यामागेही एक गोष्ट आहे. बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलप यांनी १८८८ मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. सुरुवातीच्या टायरांत साधं विणलेलं कापड असायचं. त्यात उभे-आडवे धागे एकमेकांत गुंतलेले. टायर दबला-सुटला की ते एकमेकांवर घासायचे आणि करवतीसारखे एकमेकांना कापायचे. १८९० च्या दशकात अमेरिकेतल्या जॉन पामर यांनी धागे न विणता थरांत, एकमेकांना न गुंतवता टाकायची पद्धत आणली. आजच्या सायकलचा टायर त्याच कल्पनेवर उभा आहे.

आता मुद्दा असा की ‘पंक्चर प्रोटेक्शन’ म्हणून ज्या पट्ट्याची जाहिरात होते, तो पट्टा बहुतेक टायरमध्ये फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली असतो. बाजूला काही नसतं. तिथे फक्त केसिंग आणि त्यावर रबराचा पातळ लेप. रेसिंग टायरची साइडवॉल बऱ्याचदा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. ७००×२५ मापाचा चांगला रेसिंग टायर वजनाला २००-२५० ग्रॅम, म्हणजे पाव किलो साखरेच्या पुडीएवढा किंवा कमीच! त्यातलं बरंच वजन मधल्या रबरात आणि कडांमध्ये गेल्यावर बाजूसाठी उरतं किती?

मग बाजू जाड का करत नाहीत? कारण टायर फिरताना सगळ्यात जास्त वाकते ती बाजूच. ती जाड आणि ताठ केली की प्रत्येक फेरीला तिला वाकवण्यात ताकद वाया जाते आणि सायकल जड वाटते. पातळ बाजू म्हणजे वेग आणि आराम. दोन्ही हवं असेल तर किंमत मोजावी लागते, पैशांत किंवा हायवेच्या कडेला उभं राहून.

एका सेंटीमीटरवर पावणेनऊ किलो

थोडं गणित करू, अवघड नाही. कारच्या टायरमध्ये साधारण ३२ ते ३५ पीएसआय हवा असते. २५ मिलिमीटरच्या रोड टायरमध्ये अनेक जण ९०-१०० पीएसआय भरतात. केसिंगवरचा ताण म्हणजे हवेचा दाब गुणिले टायरच्या गोलाईची त्रिज्या. १०० पीएसआय आणि साडेबारा मिलिमीटर त्रिज्या धरली तर टायरच्या प्रत्येक सेंटीमीटर लांबीमागे केसिंग जवळपास पावणेनऊ किलोच्या जोराने ताणलेलं असतं. सायकल उभी असताना, खड्डा लागायच्याही आधी.

या ताणात सेंटीमीटरभर धागे तुटले की त्यांचा भार शेजारच्या धाग्यांवर जातो. ते टिकले तर टायरला बाजूने टेंगूळ येतं. नाही टिकले तर चीर वाढते, ट्यूब बाहेर येते आणि तोच तो आवाज.

गंमत म्हणजे टायर रुंद केला आणि दाब तोच ठेवला तर ताण वाढतो. २८ मिलिमीटरच्या टायरमध्येही १०० पीएसआयच भरले तर तो प्रति सेंटीमीटर पावणेदहा किलोच्या पुढे जातो. पण रुंद टायरचा फायदाच हा की त्यात हवा कमी लागते. ७५ पीएसआय भरले की ताण साडेसात किलोच्या आत येतो आणि खड्ड्यात रिम वाचवायला तीन मिलिमीटर जास्त जागा मिळते. ‘टायरवर लिहिलंय तेवढी हवा भरा’ हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. तिथे लिहिलेला मोठा आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरायलाच हवी असं नाही.

मुंबईतच इतकं का फाटतं?

साइडवॉल फाटण्याची दोन मुख्य कारणं आहेत, एक कापणं आणि दुसरं चेपणं. आपल्या रस्त्यांवर दोन्हीची उत्तम सोय आहे.

कापणं म्हणजे टायरच्या बाजूला धारदार कड घासून जाणं. इथे माझ्या मते सगळ्यात मोठा गुन्हेगार पेव्हर ब्लॉक. डांबरी रस्त्याच्या मधोमध खड्डा बुजवायला बसवलेले ब्लॉक पावसात खचतात आणि त्यांच्या कडा वर येतात. २५ मिलिमीटरचा टायर दोन ब्लॉकमधल्या फटीत उतरला की दोन्ही बाजू घासत बाहेर येतो. २०२३ पासून महापालिकेने रस्ते काँक्रीटचे करायचं मोठं काम काढलं, पहिल्या टप्प्यातच सुमारे ४०० किलोमीटर. रस्ता पूर्ण झाला की सायकलला तो चांगलाच. पण काम चालू असताना नवं काँक्रीट आणि जुनं डांबर यांच्यामध्ये लांबच लांब पायरी तयार होते. ती सायकलच्या दिशेलाच समांतर असते आणि रिक्षाने दाबल्यावर आपण तिच्यावर तिरके चढतो. टायरची बाजू थेट कडेवर. यात सायकलस्वार पडण्याचा धोकाही तेवढाच, टायर तर दुय्यम.

पावसाळ्यात हे वाढतं, कारण ओलं रबर कोरड्यापेक्षा सहज कापलं जातं. पाणी वंगणासारखं काम करतं आणि काच, खडी, पत्र्याचा तुकडा अलगद आत शिरतो. शिवाय पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

चेपणं म्हणजे खड्ड्याच्या काठावर किंवा उड्डाणपुलाच्या लोखंडी सांध्यावर टायर इतका दबणं की रिम आणि रस्ता यांच्यात तो चिमटला जातो. ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात ती यामुळेच. ट्यूब बदलून आपण निघतो, पण त्या चिमट्यात केसिंगचे काही धागेही तुटलेले असू शकतात. बाहेरून दिसत नाहीत. आठ-दहा दिवसांनी टेंगूळ येतं आणि आपण टायरच्या कंपनीला शिव्या देतो.

आपली जुनी काळी सायकल आठवा. २८×१½ चा टायर, जवळपास ४० मिलिमीटर रुंद, जाडजूड कापड, हवा रोड बाइकच्या निम्मी. त्या टायरच्या बाजूला चक्क डायनॅमो घासत फिरायचा आणि वर्षानुवर्षं काही व्हायचं नाही. अनेक टायरांवर डायनॅमोसाठी बाजूला बारीक खाचांची पट्टीच असायची. रोड बाइकच्या साइडवॉलवर तो डायनॅमो बसवला तर काय होईल, कल्पना करा.

तसंच काहीसं आपण नकळत करत असतो. रिम ब्रेकचा रबर थोडा वर बसला की प्रत्येक ब्रेकला तो रिमऐवजी टायरची बाजू घासतो. आरेच्या उतारावर चार-पाच वेळा ब्रेक दाबले की साइडवॉल सोलली जाते. ही चूक रस्त्याची नाही, टायरचीही नाही आणि ती दुरुस्त करायला एक पाना पुरतो. चाक आउट असेल किंवा फ्रेममध्ये मावत नसलेला टायर घातला असेल तरी असंच घासतं. साइडवॉलवर सलग एकसारखी रेघ दिसली की खड्ड्याला दोष देऊ नका, ब्रेक आणि फ्रेम तपासा.

न चालवताही फाटतो

लॉकडाऊनमध्ये घेतलेली आणि नंतर बाल्कनीत उभी राहिलेली सायकल अनेकांकडे आहे. तिचे टायर बघा. बाजूला बारीक भेगांची जाळी दिसेल. ऊन आणि हवेतला ओझोन यांचं हे काम. ओझोन ताणलेल्या रबराच्या रेणूंची साखळी तोडतो. टायर बनवताना त्यात ओझोनपासून वाचवणारी रसायनं आणि मेण घालतात. टायर फिरत राहिला तर ते पृष्ठभागावर येत राहतं, एकाच जागी उभा राहिला तर ते नीट होत नाही. उभी सायकल जपून ठेवल्यासारखी वाटते खरी, तिचे टायर मात्र आतून म्हातारे होत असतात.

सध्या फॅशनमध्ये असलेल्या तपकिरी बाजूच्या टायरबद्दलही हे लक्षात ठेवा. टायर काळा असतो तो कार्बन ब्लॅकमुळे. ही काजळी रबराला ताकद देते आणि उन्हापासूनही वाचवते. तपकिरी साइडवॉलमध्ये ती नसते. आत सुती केसिंग असेल तर ओल धरण्याचाही प्रश्न येतो. इन्स्टाग्रामवर दिसतात झकास, पण जुलैत अंधेरीहून बोरिवलीला रोज ऑफिससाठी चालवायला मी तरी घेणार नाही.

फाटला, आता काय?

कोपऱ्यावरचा पंक्चरवाला इथे फारशी मदत करू शकत नाही. त्याच्याकडे ७००×२५ चा टायर नसतो, रोड बाइकच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला त्याचा पंप अडॅप्टरशिवाय बसत नाही आणि सोल्युशन लावून ट्यूबवर चिकटवलेला पॅच हवा अडवतो, ताण पेलत नाही. ट्यूबलेस टायर असेल तर आतलं सीलंट मधल्या भागातली लहान भोकं बुजवतं. साइडवॉल मात्र सतत वाकत असते, त्यामुळे तिथली चीर उघडत राहते आणि सीलंट रस्त्यावर सांडतं.

एक जुनी युक्ती मात्र त्याला माहीत असते, ती म्हणजे गेटर. टायरच्या आतून, चिरेच्या मागे एक ताठ पण न ताणणारा तुकडा ठेवायचा, म्हणजे ट्यूब बाहेर येत नाही. जुन्या रोड टायरची बाजू कापून केलेला दोन-तीन इंचाचा तुकडा यासाठी सगळ्यात चांगला. नसेल तर टूथपेस्टच्या ट्यूबचा तुकडा किंवा एनर्जी जेलचं पाकीट. जगभरचे सायकलस्वार अडचणीत नोट घडी करून लावतात. आपली नोटही कापसाच्या कागदाची असते, त्यामुळे ती काही किलोमीटर तग धरते. दहाचीच लावा.

गेटर लावल्यावर हवा नेहमीच्या निम्म्याहून थोडी जास्त ठेवायची आणि सावकाश घरी किंवा स्टेशनपर्यंत जायचं, बस्स. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत आणि सहाशे किलोमीटर चाळीस तासांत पूर्ण करायच्या ब्रेव्हे राइडला जाणारे अनुभवी लोक गेटर सोबत ठेवतातच, लांबच्या राइडला घडी होणारा एक टायरही. कारण दोन कंट्रोल पॉइंटच्या मध्ये बाहेरची मदत घेता येत नाही.

आणि नवा टायर घेताना? बाजूलाही संरक्षण असलेले टायर मिळतात. कॉन्टिनेंटलचा गेटरस्किन हे नेहमीचं उदाहरण, त्याच्या साइडवॉलवर जाळीदार कापडाचा जादा थर असतो. तो जड आणि ताठ आहे, ओल्या रस्त्यावर पकड कमी वाटते अशी तक्रारही राइडर करतात. रोज ऑफिसला जाणाऱ्याने तरीही त्याचा विचार करावा, शर्यतवाल्याने नाही. पाकिटावरचा टीपीआय, म्हणजे इंचामागचे धागे, बघून मात्र फसू नका. आकडा मोठा म्हणजे धागे बारीक आणि टायर हलका, मजबूत असेलच असं नाही. शिवाय काही कंपन्या सगळ्या थरांची बेरीज छापतात. ३/१८० म्हणजे साठ-साठचे तीन थर. माझ्या मते फ्रेममध्ये बसत असेल तर सरळ २८ किंवा त्याहून रुंद टायर घ्या. व्यावसायिक रेसवालेही २३ वरून २५, २५ वरून २८ वर गेलेत, आणि त्यांचे रस्ते आपल्यापेक्षा बरे असतात.

मागचा टायर पुढच्यापेक्षा लवकर झिजतो म्हणून अनेक जण नवा टायर मागे घालतात. हे उलटं करा. मागचा फुटला तर सायकल लडबडते, थांबता येतं. पुढचा फुटला तर हँडल हातात राहत नाही आणि ईस्टर्न एक्सप्रेसवर मागून डंपर येत असतो. त्यामुळे नवा टायर पुढे, पुढचा मागे, मागचा कचऱ्यात. पण त्याआधी त्याच्या चांगल्या साइडवॉलचा एक तुकडा कापून सीटखालच्या पाऊचमध्ये ठेवा.

आठवड्यातून एकदा हवा भरताना चाक हळू फिरवून दोन्ही बाजूंना बोट फिरवून बघा. टेंगूळ, पांढरे धागे किंवा नखाने उघडणारी चीर सापडली तर तो टायर त्याच दिवशी काढा. चालवताना चाकाच्या प्रत्येक फेरीला एक हलका ठोका जाणवायला लागला, म्हणजे ताशी २५ किलोमीटरच्या वेगाला सेकंदाला तीनदा, तर टायरला टेंगूळ आलेलं असू शकतं. पुढच्या सिग्नलची वाट न बघता बाजूला थांबा.