पाळीच्या तक्रारी: अंगावर काढू नका, पिशवी काढायची घाईही नको

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांत भातलावणी सुरू झाली की बायका दिवसभर चिखलात वाकून काम करतात. अशा वेळी ‘अंगावरून जास्त जातंय’ हे सांगायला ना वेळ असतो, ना मोकळीक. दुखणं अंगावर काढलं जातं आणि असह्य झालं की थेट ‘पिशवी काढून टाका’ असं म्हटलं जातं. या दोन टोकांच्या मध्ये बरेच उपचार आहेत.

पाळी नॉर्मल कधी समजायची?

एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत साधारण २१ ते ३५ दिवसांचं अंतर आणि २ ते ७ दिवस रक्तस्राव हे सर्वसामान्य आहे. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली काही वर्षं आणि रजोनिवृत्तीच्या आधीचा काळ यांत ती थोडी मागेपुढे होते.

नेहमी आढळणाऱ्या तक्रारी

• अतिरक्तस्राव: दर एक-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, मोठ्या गाठी पडणं, सात दिवसांपेक्षा जास्त स्राव. गर्भाशयातल्या गाठी (फायब्रॉइड), हार्मोन्सचं असंतुलन किंवा थायरॉइड ही कारणं असू शकतात. फायब्रॉइड बहुतेक वेळा कर्करोगाचे नसतात.

• पाळी लांबणं किंवा चुकणं: आधी गर्भधारणेची चाचणी करावी. त्यानंतर पीसीओएस, थायरॉइड, वजनातला मोठा बदल ही कारणं तपासतात.

• तीव्र वेदना: थोडं दुखणं चालतं. पण दर महिन्याला शाळा किंवा काम बुडत असेल, तर एंडोमेट्रिओसिससारखा आजार असू शकतो.

रक्त कमी होण्याचा धोका

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. त्यात पाळीला जास्त रक्त गेलं, तर चढ चढताना धाप लागणं, चक्कर, थकवा वाढतो. हिमोग्लोबिनची साधी तपासणी हे ओळखू शकते.

पिशवी काढणं हा पहिला उपाय नाही

घाईचं टोकाचं उदाहरण बीडमध्ये दिसलं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. कामाचा खाडा परवडत नाही, हेही त्यामागचं एक कारण होतं.

काही आजारांत ही शस्त्रक्रिया खरोखर गरजेची असते. पण बहुतेक वेळा आधी लोहाच्या गोळ्या, रक्तस्राव कमी करणारी औषधं, हार्मोनच्या गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायचं हार्मोनयुक्त साधन हे पर्याय असतात. पिशवीसोबत अंडाशयही काढले, तर कमी वयातच रजोनिवृत्ती येते आणि हाडं ठिसूळ होऊ शकतात. म्हणून शस्त्रक्रियेआधी सोनोग्राफी करून घ्या, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या आणि ‘औषधानं भागेल का?’ हे नक्की विचारा.

लगेच डॉक्टरांकडे कधी जावं?

• पॅड तासाभरात भिजत असेल, चक्कर येत असेल
• दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधांनंतर रक्त जात असेल
• पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं
• गरोदरपणात रक्तस्राव झाला

तीन महिने पाळी आली नाही किंवा मुलगी १५ वर्षांची होऊनही पाळी सुरू झाली नाही, तरीही तपासणी हवी.

आशाताईंना सांगा किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. पुढच्या तपासणीसाठी भोरचं उपजिल्हा रुग्णालय आणि वेल्ह्याचं ग्रामीण रुग्णालय आहे. जाताना मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा कॅलेंडरवर लिहून न्या. डॉक्टरांना निदानासाठी त्यांची मोठी मदत होते.