रक्तक्षयातील जीवनसत्त्वांची इंजेक्शने

पैनगंगेच्या दक्षिणेस, यवतमाळला लागून असलेला तेलंगणचा आदिलाबाद जिल्हा गोंड व कोलाम वस्त्यांचा आहे. सीमेलगतच्या गावांतून मराठीही सर्रास बोलली जाते. गरोदर स्त्रियांतील रक्तक्षय कमी करण्यासाठी तेलंगण सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ज्या नऊ जिल्ह्यांत पोषण संच देण्यास प्रारंभ केला, त्यांत आदिलाबाद होता. संचात खजूर, तूप, लोहाचे पातळ औषध, जंताची गोळी असे जिन्नस होते, इंजेक्शन नव्हते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) तेलंगणातील १५ ते ४९ वयोगटातील ५७.६ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गोव्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. तरीही अशक्तपणा जाणवला की ‘ताकदीची सुई’ मागण्याची सवय दोन्हीकडे सारखीच आहे. ही सुई कोणाला खरोखर लागते?

गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे ११ ग्रॅमच्या, इतर स्त्रियांचे १२ च्या आणि पुरुषांचे १३ च्या खाली गेले की रक्तक्षय मानतात. हे निदान नव्हे, निदानाची सुरुवात होय. लोह कमी पडले तर तांबड्या पेशी लहान व फिकट होतात. ‘ब-१२’ किंवा फॉलिक आम्ल कमी पडले तर त्या नेहमीपेक्षा मोठ्या होतात. दोन्ही उणिवा एकत्र असल्यास पेशींचे सरासरी आकारमान चक्क सामान्य दिसू शकते आणि अहवाल फसवा ठरतो.

जीवनसत्त्वांच्या इंजेक्शनांत खरे महत्त्वाचे आहे ते ‘ब-१२’चे. हे जीवनसत्त्व मासळी, मांस, अंडी व दुधात असते. भाजीपाल्यात ते नैसर्गिकरीत्या नसते. अन्नातून ते शोषले जाण्यासाठी जठरात तयार होणारे एक प्रथिन लागते. ते प्रथिनच तयार होत नसेल, जठराचा किंवा लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा छेद झाला असेल, तर नुसत्या आहाराने उणीव भरून निघत नाही. अशा रुग्णांना, तसेच हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विस्मरण अशी मज्जासंस्थेची लक्षणे असणाऱ्यांना इंजेक्शन देतात. साधारणतः १,००० मायक्रोग्रॅमची मात्रा स्नायूत, प्रारंभी दररोज किंवा दिवसाआड, मग आठवड्याने व पुढे महिन्याने अशी दिली जाते. नेमका क्रम डॉक्टर ठरवतात. आठवडाभरात रक्तात नव्या पेशींची संख्या वाढलेली दिसते. उणीव केवळ आहारातली असेल आणि लक्षणे सौम्य असतील, तर गोळ्याही पुरतात. या औषधाचा लाल रंग त्यातील कोबाल्टमुळे येतो, रक्ताशी त्याचा काही संबंध नाही. पण त्या रंगाने औषधाची प्रतिष्ठा उगाच वाढवली आहे.

फॉलिक आम्लाला सुईची गरज क्वचितच पडते. मात्र ‘ब-१२’ची उणीव असताना एकटे फॉलिक आम्ल दिल्यास रक्त सुधारते आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते.

एक सुई सर्वांना चालत नाही, हा धडा मुंबईनेच जगाला दिला. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांतील रक्तक्षयाचा अभ्यास करण्यास मुंबईत आली. यीस्टच्या अर्काने या स्त्रिया बऱ्या होतात, असे तिला दिसले. पुढे असेही आढळले, की घातक रक्तक्षयावर गुणकारी ठरणारा शुद्ध केलेला यकृतअर्क या प्रकारच्या रक्तक्षयात निष्प्रभ ठरतो, अशुद्ध अर्क मात्र लागू पडतो. म्हणजे अशुद्ध अर्कात दुसरेच काही होते. ते फॉलिक आम्ल होय. त्याच्या कृत्रिम निर्मितीचे काम १९४० च्या दशकात अमेरिकेत झाले ते येल्लाप्रगडा सुब्बाराव या तेलुगू शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली. ‘ब-१२’ १९४८ मध्ये वेगळे काढण्यात आले.

लोह हे जीवनसत्त्व नव्हे, तरी सर्वाधिक गाठ पडते ती त्याच्याशीच. गोळ्या सोसत नाहीत, बाळंतपण जवळ आले आहे किंवा हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेले आहे, अशा वेळी शिरेतून लोह देतात. आयर्न सुक्रोज थोडे थोडे, अनेक फेऱ्यांत द्यावे लागते. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका वेळी १,००० मिलिग्रॅमपर्यंत देता येते. उटनूरच्या डोंगराळ भागातील पाड्यावरून येणाऱ्या गरोदर स्त्रीच्या दृष्टीने एक खेप आणि पाच खेपा यांतील हा फरक मोठा आहे. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत मात्र हे औषध टाळतात. क्वचित तीव्र अ‍ॅलर्जी होऊ शकते, म्हणून ते तातडीच्या उपचारांची सोय असलेल्या ठिकाणीच द्यावे. हिमोग्लोबिन ५ च्याही खाली असल्यास रुग्णालयात दाखल करून रक्त चढवण्याचा विचार होतो.

आदिलाबादमध्ये आणखी एक प्रश्न आधी सोडवावा लागतो. गोंड, कोलाम समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. त्यातील फिकटपणा उणिवेचा नसतो. तांबड्या पेशीच वेळेआधी फुटतात. वारंवार रक्त चढवलेल्या अशा रुग्णाच्या शरीरात लोह आधीच साचलेले असू शकते. तपासणीविना लोहाची सुई दिली तर यकृत व हृदयावरचा भार वाढतो. त्याला फॉलिक आम्लाची गोळी मात्र उपयोगी पडते, कारण नव्या पेशी सतत घडवाव्या लागतात. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली असून तीत ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी अभिप्रेत आहे. प्राथमिक चाचणी गावपातळीवर होऊ शकते. पण व्यक्ती केवळ वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी प्रयोगशाळेतील तपासणी करावी लागते.