खाडीचा तळ, ध्रुवाचा तळ

दिघी हे राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावरचं आमचं गाव. समोर आगरदांडा आणि खाडीच्या तोंडाशी जंजिरा. पाहुणा आला की आम्ही किल्ल्याकडे बोट दाखवतो, सिद्दींच्या तोफांच्या गोष्टी सांगतो. इतिहास म्हटला की आपली नजर पाण्याच्या वर जाते. पण पाण्याखाली, गाळात आणि खडकावर जे जीव राहतात, त्यांनाही इतिहास असतो. ओहोटीला चिखलात वाकून तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांना तो थोडाफार ठाऊक असतो. यंदा कुठे तिसरी कमी झाली, कुठल्या खडकावरचं कालव लहान राहिलं, हे त्या चालता चालता सांगून जातात.

आज मला समुद्राच्या तळाच्या अशाच इतिहासाबद्दल बोलायचं आहे. हा तळ मात्र दिघीचा नव्हे, जिथे समुद्रच गोठतो त्या ध्रुवाजवळचा आहे. आणि तिथे जाणारी आपल्या देशाची वाट याच पश्चिम किनाऱ्यावरून सुरू झाली.

६ डिसेंबर १९८१ रोजी ‘पोलर सर्कल’ नावाचं नॉर्वेचं भाड्याचं जहाज गोव्याच्या मार्मागोवा बंदरातून निघालं. त्यावर एकवीस जणांची भारतीय तुकडी होती. ९ जानेवारी १९८२ रोजी ही माणसं अंटार्क्टिकावर उतरली. वर्तमानपत्रांत बर्फात रोवलेल्या तिरंग्याचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. मात्र या मोहिमेचे नेते डॉ. सैयद झहूर कासिम हे समुद्रातल्या जीवांचे अभ्यासक होते, ही गोष्ट फारशी कुणी लक्षात ठेवली नाही. अलाहाबादेत जन्मलेले, अलीगढला शिकलेले कासिम दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते. पुढे १९८३-८४च्या तिसऱ्या मोहिमेत नागपूरच्या डॉ. अदिती पंत गेल्या. सुदीप्ता सेनगुप्ता आणि त्या, भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर जाणाऱ्या पहिल्या दोन स्त्रिया. पंत यांचा विषय पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा. १९८६-८७च्या सहाव्या मोहिमेचे नेते होते डॉ. अ. ह. परुळेकर. अरबी समुद्राच्या तळावरच्या जीवांचा अभ्यास करणारा माणूस.

माणसं अशी तळाच्या जवळची, पण तळ हाताला लागणं अवघड होतं. आपलं पहिलं ठाणं ‘दक्षिण गंगोत्री’ समुद्रावर पसरलेल्या जाड हिमपट्ट्यावर होतं. खाली समुद्र, पण मध्ये प्रचंड बर्फ. पुढे १९८९ साली उभं राहिलेलं ‘मैत्री’ खडकावर आहे, मात्र समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत. समुद्राला लागून भारताचं ठाणं झालं ते २०१२ साली, लार्समन टेकड्यांमधलं ‘भारती’.

इतर देशांनी तोवर या तळात बरंच डोकावून पाहिलं होतं. थंड, अंधारा तळ ओसाडच असणार, अशी एके काळी समजूत होती. १८४१ साली जेम्स क्लार्क रॉसच्या जहाजाने दक्षिण समुद्रात सुमारे पाचशे मीटर खोलवर जाळं खरवडलं, तर वर प्रवाळांसकट जिवंत प्राणी आले. पण उथळ तळ डोळ्यांनी नीट पाहायला पाणबुड्याचा पोशाख यावा लागला. १९६०च्या दशकात पॉल डेटन हे अमेरिकन शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी मॅकमर्डो इथे बर्फाला भोक पाडून खाली उतरले. खाली त्यांना तीन मजले दिसले.

वरचा मजला पंधरा मीटरपर्यंतचा, जवळजवळ उजाड. तिथलं पाणी उणे १.९ अंशांच्या आसपास असतं. खारट असल्यामुळे ते शून्यावर गोठत नाही, पण गोठण्याच्या काठावर मात्र असतं. अशा पाण्यात बर्फाचे पापुद्रे तळालाच धरतात, तिथल्या जीवांना वेढतात आणि हलके झाले की त्यांना उपटून घेऊन वर जातात. पंधरा ते तेहेतीस मीटरपर्यंत हा बर्फ कमी धरतो. तिथे समुद्रफुलं दिसतात, तारामासे आणि काटेरी साळिंदरं फिरतात. तेहेतीस मीटरच्या खाली हा बर्फ पोहोचत नाही आणि मग स्पंजांची दाट वस्ती लागते.

या वस्तीत आपल्या ओळखीचं एक जनावर मात्र नाही. चिंबोरी! आमच्या खाडीत दगड उचलला की चिंबोरी पळते. अंटार्क्टिकाच्या उथळ पाण्यात खेकडा जवळजवळ नाहीच. इतक्या थंड पाण्यात खेकड्याला रक्तातलं मॅग्नेशियम बाहेर टाकता येत नाही आणि त्यामुळे त्याचे स्नायू बधिर होतात, असं कारण बहुतेक अभ्यासक देतात. कवच फोडणारा हा शत्रू नसल्यामुळे तिथले मऊ, संथ जीव लाखो वर्षं निर्धास्त वाढले. तिथला समुद्रकोळी (हा मासे मारणारा नव्हे, लांब पायांचा) पाय पसरतो तेव्हा जेवणाच्या ताटाएवढा होतो. अन्न मिळतं उन्हाळ्याच्या थोड्या महिन्यांत. बाकी वर्षभर उपास. त्यामुळे वाढही अगदी सावकाश.

आपल्या मराठीत ‘कणा नसलेला’ ही शिवी आहे. या साऱ्या जीवांना कणा नाही, पण गोठत्या पाण्यात त्यांनी जो टिकाव धरला त्याला तोड नाही. त्यांना सहन होत नाही ती ऊब.

आमच्या तिसरीची एक बहीण तिथे आहे. लॅटर्न्युला नावाची, बोटभर लांबीची शिंपली. गाळात ती हातभर खोल पुरून घेते आणि नळी वर काढून अन्न ओढते. हिमनगाने गाळ ढवळला, ती उघडी पडली, तर तिने पुन्हा पुरून घेतलं पाहिजे. नाहीतर तारामासे तिला खातात. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉइड पेक यांनी प्रयोग केले. पाणी दोन-तीन अंशांवर नेलं, तर निम्म्या शिंपल्यांना पुरून घेता येईना. पाच अंशांवर एकीलाही येईना. पाच अंश म्हणजे आपल्या फ्रिजमधलं पाणी! आमची तिसरी वैशाखातला तापलेला चिखल सोसते, आषाढात खाडीचं खारं पाणी गोडसर झालेलं सोसते. ध्रुवावरच्या बहिणीच्या नशिबी तो सराव नाही.

त्यात आणखी एक संकट आहे. समुद्रावरचा बर्फ हिवाळ्यात हिमनगांना जखडून ठेवतो. रोथेरा इथल्या ब्रिटिश ठाण्याजवळ असं दिसलं, की हा बर्फ कमी दिवस टिकला की मोकळे झालेले हिमनग उथळ तळ जास्त वेळा नांगरतात.

उत्तर ध्रुवाजवळ, स्वालबार्डच्या काँग्सफ्योर्ड खाडीत, याची साक्ष छायाचित्रांनी दिली आहे. १९८० पासून तीस वर्षं नॉर्वेच्या पाणबुड्या अभ्यासकांनी तळावरच्या त्याच त्या खडकांचे फोटो काढले. १९९५च्या सुमारास तिथली शेवाळं एकदम पाचपटीने वाढली आणि तळाची वस्तीच पालटली. याच खाडीकाठी २००८ साली भारताचं ‘हिमाद्री’ हे ठाणं सुरू झालं. २०१४ पासून १९२ मीटर खोलीवर आपली ‘इंडआर्क’ यंत्रणा खाडीच्या पाण्याचं तापमान आणि क्षारता नोंदवू लागली. वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राचं हे काम.

मला त्या तीस वर्षांच्या फोटोंचं फार मोल वाटतं. मासा पोहून दुसरीकडे जाईल, पक्षी उडून जाईल. तळाला चिकटलेला जीव जागा सोडत नाही. पाण्यावर जे जे गुदरतं ते त्याच्या अंगावर लिहिलं जातं. ते वाचायचं तर एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जावं लागतं.

आमच्या खाडीत आता मोठं बंदर आहे, मोठी जहाजं येतात. बंदर गावाला हवंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण खाडीत तिसरी कुठे होती, किती होती, हे आज जर कुणाला ठाऊक असेल तर वेचणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना. त्यांच्या तोंडून ते वहीत उतरवून घ्यायला जहाज लागत नाही, बर्फ फोडावा लागत नाही. गावच्या शाळेतली चार मुलं दर वर्षी त्याच ओहोटीला, त्याच चिखलात उतरली आणि मोजून आली, तरी तीस वर्षांनी दिघीजवळ आपल्या तळाचा इतिहास असेल.