भिवंडीची धूळ आणि इंजिनाचा श्वास

भिवंडीचा इतिहास प्रामुख्याने यंत्रमागांच्या अंगाने सांगितला जातो आणि ते स्वाभाविकही आहे; परंतु या गावाला घडवणारी दुसरी शक्ती, म्हणजे रस्त्यावरची वाहतूक आणि तिच्या आश्रयाने वाढलेला वाहनदुरुस्तीचा व्यवसाय, यांची दखल त्या मानाने कमीच घेतली गेली आहे. रेल्वे १८५४ मध्ये ठाण्याहून कल्याणला पोहोचली, तेव्हा कामवारी नदीच्या काठचे हे गाव मुख्य मार्गापासून बाजूला राहिले. दिवा–वसई मार्गावरचे भिवंडी रोड स्थानक फार उशिराचे आहे, त्यामुळे दीर्घकाळ गावाची सारी मदार मुंबई–आग्रा रस्त्यावरच होती. त्यापूर्वी खाडीचे दिवस होते. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली आणि त्यानंतर या परिसरात गलबते बांधली जाऊ लागली, हे लक्षात घेतले तर वाऱ्याला कामाला लावणाऱ्या कारागिरीशी या गावाचे नाते जुने आहे, असे थोड्या सैलपणे म्हणता येते.

उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमाग रुजवले, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यंत्रमाग आले आणि जानेवारी १९८२ मध्ये मुंबईतील गिरणी संप सुरू झाल्यावर कापडाच्या उत्पादनाचा मोठा भार या यंत्रमागांवर आला. सूत येणार ट्रकने आणि कोरे कापड जाणार तेही ट्रकने. त्यात जकातीची भर पडली: मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल शिरताच जकात द्यावी लागे, म्हणून व्यापारी तो हद्दीबाहेर, भिवंडीभोवतीच्या ग्रामपंचायतींच्या जमिनीवर उतरवून ठेवत आणि लागेल तसा शहरात नेत. काल्हेर, पूर्णा, दापोडा, वळ, राहनाळ या गावांतील भातखाचरांवर गोदामे उभी राहिली ती या हिशेबातून. १ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली, पण गोदामे हलली नाहीत, कारण तोवर माणकोली, रांजणोली आणि अंजूरफाटा ही नावे देशभरच्या ट्रकचालकांच्या तोंडी बसली होती.

या वाहतुकीचा एक अदृश्य कच्चा माल म्हणजे हवा. एक लिटर डिझेल पूर्ण जाळण्यासाठी किमान सुमारे १२ किलो, म्हणजे जवळजवळ १० हजार लिटर हवा लागते, आणि ही हवा ज्या वाटेने इंजिनात ओढली जाते त्या वाटेला एअर इनटेक म्हणतात. तिच्यात तोंडाची नळी, फिल्टरची पेटी आणि पुढचे रबरी होज पाइप यांचा समावेश होतो. भिवंडीच्या हवेत मुरूम-मातीची धूळ, अवजड चाकांनी उखडलेल्या रस्त्याची भुकटी आणि कापसाचे तंतू असे सगळेच मिसळलेले असल्यामुळे येथील मेकॅनिकपुढचा पहिला प्रश्न हवा अधिक कशी मिळेल हा कधीच नव्हता; ती स्वच्छ कशी मिळेल हा होता.

जमशेदपूरला १९५४ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने टाटांचे ट्रक बनू लागले, तेव्हाच्या पिढीतील इंजिनांवर ऑइल बाथ फिल्टर असे. आत येणारी हवा तेलाने भरलेल्या वाटीवरून एकदम वळवली जाई, जड कण त्या वळणावर तेलात आपटून अडकत आणि उरलेली धूळ तेलाने भिजलेल्या तारेच्या जाळीत राही. वाटी काढायची, चिखल झालेले तेल फेकायचे, जाळी डिझेलमध्ये धुवायची आणि नवे तेल घालायचे, एवढीच तिची निगा होती व ती शिकाऊ पोऱ्यालाही जमे. मात्र इंजिन मंद चालत असताना हवेचा झोत कमी पडला की या फिल्टरची पकड सैल होई. पुढे आलेला घडीदार कागदाचा फिल्टर ९९ टक्क्यांहून अधिक धूळ अडवणारा होता, पण तो धुता येत नसल्याने कॉम्प्रेसरने हवा मारून तोच पुन्हा बसवण्याची रीत पडली, आणि त्या झोताने कागदाला पडणारी बारीक भोके डोळ्यांना दिसत नसल्यामुळे ती अजूनही टिकून आहे.

टर्बोचार्जर हे या कथेतील मधले वळण. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूने एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने आत जाणारी हवा दाबून भरायची, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या इंजिनात अधिक हवा आणि म्हणून अधिक इंधन जाळता येते, ही त्यामागील कल्पना होती. दाबल्याने तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीदार भागाला इंटरकूलर म्हणतात. टर्बोचे मोल भिवंडीतून निघालेल्या ट्रकला कसारा घाटात कळे. सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या इगतपुरीपर्यंत भरलेला ट्रक चढवताना टर्बो नसलेले इंजिन धापा टाकी, आणि इंधनपंपाचे डिझेल वाढवून घेण्याची जुनी युक्ती केली तर ताकदीपेक्षा काळा धूरच अधिक निघे, कारण वाढवलेल्या डिझेलला पुरेल इतकी हवा आत येतच नसे.

तरीही भारतीय ट्रकवर टर्बो सार्वत्रिक झाला तो घाटामुळे नव्हे, धुरावरील निर्बंधांमुळे. २००० पासून कडक होत गेलेली उत्सर्जन मानके, त्यातील भारत स्टेज ४ हे एप्रिल २०१७ पासून आणि भारत स्टेज ६ हे एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले, ही त्यामागची खरी सक्ती होती. मोटारींची वाट निराळी होती: २००७ च्या डिझेल स्विफ्टमधील १.३ लिटरच्या इंजिनाने टर्बो मध्यमवर्गाच्या दारात आणला, २०१३ मध्ये चाकणला बनणारी पोलो जीटी टीएसआय आणि २०१७ मध्ये रांजणगावची नेक्सॉन यांनी छोटे टर्बो पेट्रोल इंजिन परिचित केले. ट्रकच्या टर्बोची माहिती असलेल्या गावात मोटारीचा टर्बो परका वाटण्याचे कारण नव्हते. नवी होती ती तो अधिक धारदार करण्याची हौस.

या हौशीची पहिली पायरी म्हणजे कंपनीची फिल्टरपेटी काढून बाहेरचा, म्हणजे आफ्टरमार्केट, इनटेक बसवणे. कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या के अँड एन या कंपनीने १९६९ पासून रूढ केलेला तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर हे त्याचे प्रसिद्ध रूप होय. कोरे सुती कापड विणणाऱ्या गावात सुती जाळी परदेशी शिक्क्यासह चढ्या भावाने विकत घेतली जावी, यातला विरोधाभास मौजेचा आहे. तत्त्वतः या बदलाला अर्थ आहे: टर्बोच्या तोंडाशी हवेची ओढाताण कमी झाली तर तेवढाच दाब निर्माण करण्यास त्याला कमी श्रम पडतात. परंतु उघडा शंकूसारखा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो आणि हवेचे तापमान १० अंशांनी वाढले की तिची घनता सुमारे ३ टक्क्यांनी घटते. मॅफ सेन्सर, म्हणजे आत जाणारी हवा मोजणारे उपकरण, मूळ नळीच्या मापाप्रमाणे जुळवलेले असते. नळीचा व्यास १० टक्क्यांनी वाढवला तर छेदाचे क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते, हवेचा वेग उतरतो आणि इंजिनाचा संगणक प्रत्यक्षापेक्षा कमी हवा आली असे समजतो. क्लॅम्प ढिला राहिला तर धूळ फिल्टरला वळसा घालून थेट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेणाऱ्या चक्राच्या पात्यांवर आपटते. निश्चित मिळतो तो आवाज, कारण मूळ पेटी हवेचा जो सुस्कारा दाबून ठेवते तो आता मोकळा ऐकू येतो, आणि बहुतेक ग्राहक खरे तर त्याचेच पैसे मोजतात.

भिवंडीपुरता निर्णय द्यायचा तर हा इनटेक येथील हवेसाठी चुकीचा आहे. ऑइल बाथपासून कागदापर्यंतचा या गावाचा सगळा अनुभव धूळ बाहेर ठेवण्याचा आहे, आणि थोड्याशा जादा हवेसाठी ती गाळण सैल करणे हा तोट्याचा सौदा ठरतो. कायद्याची बाजूही आता सोपी राहिलेली नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनातील बदलांवर आधीपासूनच मर्यादा घालत होते; २०१९ च्या दुरुस्तीनंतर, बाहेरचे भाग बसवून केलेल्या कायदाबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.