निषिद्ध काळ : एका माशाचा आणि कायद्याचा इतिहास

अमुक तिथीस मासे मारू नयेत, विकूही नयेत, ही राजाज्ञा आपल्या देशाला नवी नाही. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात चातुर्मासीच्या पौर्णिमा, तिष्य नक्षत्राची पौर्णिमा आणि उपोसथाचे दिवस यांचा त्यासाठी स्पष्ट उल्लेख आहे. तेथे प्रेरणा भूतदयेची होती. आज ज्या निषिद्ध काळाचा विचार करावयाचा, तो ब्रिटनमधील नद्यांचा आहे. त्याच्या मुळाशी दया नव्हती, उद्या पानात मासा असेल की नाही ही चिंता होती.

हा मासा म्हणजे अटलांटिक सॅमन. आपल्या रावसाला बाजारात ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण दोघांचे कूळ निराळे. सॅमन जन्मतो नदीच्या वरच्या भागातील वाळूगोट्यांत. काही वर्षे तेथे काढून तो समुद्रात जातो, ग्रीनलंडपर्यंत मजल मारतो आणि मोठा झाला की बहुधा आपल्याच नदीत परततो. परतल्यावर तो जवळजवळ काहीच खात नाही. अंगातल्या चरबीवर प्रवाहाविरुद्ध चढत जातो आणि हिवाळ्याच्या तोंडाशी अंडी घालतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. सारे सॅमन एकदम परतत नाहीत. पंढरीला निघणाऱ्या पालख्या आपापल्या गावाहून वेगवेगळ्या तिथीस निघतात, पण एकादशी सर्वांची एकच. तसेच हे आहे. काही मासे वसंतातच, किंबहुना त्याही आधी नदीत शिरतात. काही उन्हाळ्यात, काही शरदात. अंडी मात्र सारे जण वर्षाच्या अखेरीसच घालतात. वसंतात येणारे मासे साधारणतः नदीच्या उगमाकडील भागात जाणारे असतात आणि परतण्याची ही वेळ काही अंशी वंशपरंपरेने ठरते.

आता कायदा पाहू. 1215 च्या मॅग्ना कार्टात टेम्स आणि मेडवे या नद्यांतील मासे अडविणारे बांध काढून टाकण्याचे कलम आहे. 1285 मध्ये पहिल्या एडवर्ड राजाच्या वेस्टमिन्स्टर येथील कायद्याने 8 सप्टेंबर ते 11 नोव्हेंबर सॅमन धरण्यास मनाई केली आणि एप्रिलच्या मध्यापासून 24 जूनपर्यंत पिलांना अभय दिले. पहिल्या गुन्ह्यास जाळी जाळावीत, दुसऱ्यास तीन महिने आणि तिसऱ्यास वर्षभर कैद, अशी शिक्षा होती. स्कॉटलंडमध्ये तर शनिवारी संध्याकाळपासून सोमवारी सकाळपर्यंत माशांची वाट मोकळी ठेवण्याची जुनी रीत होती. सातशे वर्षांपूर्वीच्या या माणसांनी आईबाप आणि पिले या दोघांचाही विचार केला होता, हे कौतुकास्पद आहे.

परंतु या कायद्यात एक उणीव राहिली. त्याने अंडी घालण्याचा काळ राखला, परतीची वाट राखली नाही. वसंतात आलेला मासा नोव्हेंबरपर्यंत नदीतच असतो आणि 8 सप्टेंबरपर्यंत तो धरण्यास मोकळीक होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज डेम्स्टर या स्कॉटिश गृहस्थाला ईस्ट इंडिया कंपनीच्या अलेक्झांडर डॅलरिंपल यांच्याकडून कळले की, चिनी कोळी मासे बर्फात ठेवून दूरवर नेतात. तेव्हापासून स्कॉटलंडचा ताजा सॅमन लंडनच्या बाजारात जाऊ लागला. वसंतातल्या माशाला तेथे मागणी होती. जो मासा कायद्याने राखला नाही, त्याच्याच मागे बाजार लागला.

इकडे टेम्स नदी बांधांनी अडली, सांडपाण्याने नासली आणि 1833 च्या सुमारास तेथला सॅमन नाहीसा झाला. मग 1861 मध्ये इंग्लंडसाठी आणि 1862 मध्ये स्कॉटलंडसाठी नवे कायदे झाले. स्कॉटलंडच्या कायद्याने वर्षातून 168 दिवस जाळ्यांना बंदी केली. 1883 मध्ये टॉमस हक्सले यांनी समुद्रातील मोठी मासेमारी अक्षय असल्याचे जाहीरपणे म्हटले, पण नदीतला सॅमन संपू शकतो, हे त्यांनीही मान्य केले. पहिले मत काळाने खोटे ठरविले, दुसरे खरे.

बंदी सर्वांना सारखी नव्हती. टे नदीवर जाळ्यांचा हंगाम ऑगस्टमध्ये संपे, हौशी गळकऱ्यांचा 15 ऑक्टोबरपर्यंत चाले. 7 ऑक्टोबर 1922 रोजी जॉर्जिना बॅलंटाइन यांनी याच नदीत 64 पौंडांचा सॅमन गळाने धरला. तो ब्रिटनमधला विक्रम अद्याप अबाधित आहे. पोटासाठी जाळे टाकणाऱ्याने घरी बसावे आणि हौसेखातर आलेल्याने गळ टाकावा, हा सल किनाऱ्यावरच्या माणसांच्या मनात राहिला असेल तर नवल नाही.

वसंतातल्या माशाकडे कायद्याचे लक्ष गेले ते फार उशिरा. 1999 पासून इंग्लंड-वेल्समध्ये 16 जूनपूर्वी गळाला लागलेला सॅमन परत सोडणे सक्तीचे झाले; स्कॉटलंडमध्ये 2015 पासून 1 एप्रिलपूर्वीचा. 2016 मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर धरलेला सॅमन ठेवण्यास बंदी झाली आणि पिढीजात जाळी गुंडाळली गेली. तरीही 2023 मध्ये ब्रिटनमधील सॅमनची गणना संकटग्रस्त जातींत झाली. जून 2024 मध्ये नॉर्वेने 33 नद्या ऐन हंगामात बंद केल्या. समुद्रात गेलेल्यांपैकी परतणारेच आता थोडे, आणि तापलेल्या समुद्राला कोणताही कायदा लागू होत नाही.

म्हणून बंदी निरर्थक ठरत नाही. 1974 मध्ये टेम्समध्ये पुन्हा एक सॅमन सापडला, तो नदी स्वच्छ केल्यानंतरच. तिथी राजाने ठरविली तरी ती माशाच्या दिनक्रमावरून ठरली पाहिजे, आणि तिथीबरोबर वाटही राखली पाहिजे, हा या इतिहासाचा अर्थ. आपल्याकडे महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहातले मासे लोकांनी देवीच्या नावाने राखले आहेत. पण आपला महासीरही पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढतो. डोह देवीने राखला. त्या डोहापलीकडची नदी राखण्याचे काम आपल्याकडे आहे.