दाढेतला किडा आणि बधिर करायची सुई

आज दाढदुखीवर बोलू या. दिवसा कामाच्या नादात ती सोसता येते, पण रात्री अंग टाकलं की ठणका थेट कानापर्यंत जातो. आता डॉक्टर ‘रूट कॅनॉल’ सांगतात. म्हणजे दाढ उपटायची नाही, आतली सडलेली नस काढून पोकळी भरायची. त्याआधी सुई देऊन जागा बधिर करतात. ही सुई नव्हती तेव्हा काय करत असतील?

आपल्याकडे बांधावर काटेरी भुईरिंगणी असते ना, पिवळ्या फळांची? तिचं बी निखाऱ्यावर टाकून धूर नळीनं दाढेवर घ्यायचा. भरपूर लाळ गळायची आणि ‘किडा पडला’ म्हणून जिवाला बरं वाटायचं. हा किडा काही एकट्या खान्देशचा नाही. युरोपात खुरासानी ओव्याच्या बियांचा धूर देत. तापून फुटलेल्या बीमधला पांढरा कोंब लोकांना किडा वाटे. फ्रान्सचे पिएर फोशार यांनी १७२८ च्या ग्रंथात लिहिलं, की शोधूनही त्यांना दातात किडा दिसला नाही.

वाग्भटांच्या ‘अष्टांगहृदय’ ग्रंथातला उपाय ऐकूनच अंगावर काटा येतो. पोकळ दाढेत गूळ किंवा मेण भरायचं आणि डाग द्यायचा! अमेरिकेत स्पूनर नावाच्या दंतवैद्यानं १८३६ साली नस मारायला सोमल सुचवला. सोमल म्हणजे विषच. तो दाढेबाहेर झिरपला तर हिरडी आणि हाडही मरायचं.

त्यापेक्षा आपली लवंग शहाणी. तिच्या तेलातलं युजेनॉल थोडा वेळ बधिर करतं. अक्कलकाराही तसाच, चावला की जीभ झिणझिणते. पण कीड आत पोखरतच राहते. आणि दाढेसाठी म्हणून मशेरी लावली, ती किती जणींच्या बोटाला कायमची चिकटली! दुखणं दबलं, पण तंबाखूनं तोंडाच्या कॅन्सरची वाट उघडली. मला तर सगळ्या जुन्या उपायांत हाच महाग पडलेला दिसतो.

खरी सुई आली १८८४ साली. व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेननं डोळा बधिर केला आणि लवकरच न्यूयॉर्कमध्ये हॉल्स्टेड यांनी जबड्याची नस. त्यांना स्वतःलाच कोकेनचं व्यसन जडलं. १९०५ च्या सुमारास नोवोकेन आलं. मग स्वीडनमध्ये १९४३ साली लॉफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केलं. आज दवाखान्यात बहुधा तेच टोचतात.

एक मात्र सांगते. दाढ फार पिकली, सूज आली, की हीच सुई नीट लागू पडत नाही. ‘सुई दिली तरी दुखलं’ असं बाया सांगतात, त्यात खोटं नाही. अशा वेळी हात वर करायचा, डॉक्टर आणखी औषध देतात. दिवस गेले असतील किंवा हृदयाचा, बीपीचा त्रास असेल तर आधीच सांगायचं.

आणि काम दोन-तीन खेपांत होणार असेल तर मधल्या दिवसांसाठी पुष्कळदा जे तात्पुरतं सिमेंट भरतात, त्याचा वास ओळखीचा वाटेल. त्यात जस्ताची पांढरी पूड असते आणि लवंगेचं तेल.